शिवेपलीकडचा पाऊस

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या खरिपातील दुष्काळाचे जे चाळीस तालुके जाहीर केले, त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा या पाच तालुक्यांची नावे होती; परतूरचे नव्हते. मंठा आणि परतूर हे शेजारचे तालुके. दोहोंची काळी जमीन एकाच कातळावर पसरलेली, दोहोंकडे कापूस, सोयाबीन आणि तूर हीच पिके, आणि दोहोंच्या मधली शीव ज्या शेतांच्या बांधांवरून जाते त्या बांधांवर उभे राहिल्यास अलीकडचे कोमेजलेले सोयाबीन आणि पलीकडचे कोमेजलेले सोयाबीन यांत भेद करणे कोणत्याही जाणत्या कुणब्याला जड जावे. पुढे नोव्हेंबरात शासनानेच तालुक्याऐवजी महसूल मंडळ हे एकक धरले, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी व एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेल्या १,०२१ मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचे जाहीर केले. पाऊस जो पडायचा तो पडून गेला होता. त्याचा एक थेंबही त्या दिवसांत वाढला अथवा घटला नव्हता. तरीही राज्याचा दुष्काळी नकाशा पालटला, कारण मोजमाप ज्या चौकटीत भरायचे ती चौकट पालटली.

आकडे नकाशावर मांडून त्यांतील आकृतिबंध शोधणारी संगणकीय साधने आज तहशील कचेरीपासून विद्यापीठापर्यंत सर्वत्र पोहोचली आहेत आणि त्यांच्याविषयी बोलताना उपग्रहांचे, ड्रोनचे व रंगीत पडद्यांचे कौतुक पुष्कळ होते. त्या कौतुकात काही वावगे नाही. परंतु परतूरसारख्या तालुक्याला या विद्येचा खरा उपयोग कशात आहे आणि तिचा खरा धोका कोठे आहे, हे पाहायचे असेल, तर लक्ष रंगांपेक्षा रेषांकडे द्यावे लागते. कोणती शीव धरून आकडे गोळा केले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

परतूरपुरते बोलायचे तर येथील शिवांचा इतिहास स्थिर नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. या सर्व काळात परतूर तालुका परभणी जिल्ह्याचा घटक होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा जालना, अंबड, भोकरदन आणि जाफ्राबाद हे चार तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून घेण्यात आले आणि पाचवा परतूर परभणीतून. आज त्याच जिल्ह्यात आठ तालुके आहेत व मंठा हा त्या मागाहून जन्मलेल्यांपैकी एक. त्यामुळे परतूरच्या पावसाची किंवा ज्वारीच्या पेऱ्याची शंभर वर्षांची मालिका जुळवू पाहणाऱ्या अभ्यासकाला प्रथम तीन राज्यांची आणि दोन जिल्ह्यांची दप्तरे धुंडाळावी लागतात, आणि ती हाती आल्यावर असे दिसते की तक्त्यातील ‘परतूर तालुका’ हे नाव तेच राहिले असले, तरी त्या नावाखालची जमीन दर वेळी तीच राहिली आहे असे गृहीत धरता येत नाही. नकाशाचे सॉफ्टवेअर या फरकाची सूचना आपण होऊन देत नाही. जी सीमा त्याला द्यावी ती ते निमूटपणे रंगवते.

त्याहून खाली, शेताच्या पातळीवर उतरले, म्हणजे गुंता आणखी वाढतो. गावचे जुने मोजणी नकाशे शंकुसाखळीने झाले. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे गणित सातबाऱ्यावर पोट असलेल्या प्रत्येक खातेदाराच्या अंगवळणी पडलेले आहे. ही मोजणी आपापल्या गावापुरती अत्यंत काटेकोर असे. बांधाचा दगड हलला तर टिपण काढून तो पुन्हा जागेवर आणता येईल इतकी. पण प्रत्येक गावचा नकाशा स्वतंत्र कागदावर, स्वतःच्याच प्रारंभबिंदूपासून काढलेला असल्यामुळे, पृथ्वीच्या पाठीवर तो नेमका कोठे बसतो याची चिंता मोजणीदाराने करण्याचे कारण नव्हते. तशी चिंता वाहणारे खाते निराळे होते. कर्नल विल्यम लँब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ आरंभलेली त्रिकोणमितीय मोजणी दख्खनचे पठार चढून वऱ्हाडाकडे गेली, आणि १८२३ च्या जानेवारीत तो हिंगणघाट येथे मरण पावला तेव्हाही ती चालूच होती. त्या मोजणीच्या आधारे सर्व्हे ऑफ इंडियाने जी पत्रके छापली, त्यांपैकी ५६ ए या अंशपत्रकात, म्हणजे ७६ ते ७७ अंश रेखांश आणि १९ ते २० अंश अक्षांश यांच्या चौकटीत, परतूर येते. एका बाजूस पृथ्वीशी सुसंगत पण शेताचा बांध न दाखवणारे हे पत्रक, आणि दुसऱ्या बाजूस बांधन्‌बांध दाखवणारा पण पृथ्वीशी सोयरीक नसलेला गावनकाशा! दोन्ही एकमेकांवर बसवण्याचे काम दीड शतक कोणी केले नाही, कारण महसूल वसुलीला त्याची गरज पडली नाही.

ती गरज आता पडली आहे. नागपूर येथे १९८८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग अ‍ॅप्लिकेशन सेंटरने राज्यातील मृदेचे, जमीनवापराचे, उताराचे व ओढ्यानाल्यांचे थर तयार केले आणि गावनकाशेही संगणकावर आणून उपग्रहचित्रांवर बसवले. हे बसवणे म्हणजे काय, ते प्रत्यक्ष पाहण्यासारखे असते. जुन्या नकाशावरील ओढ्याचे वळण, तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तो दगड, गाडीरस्त्याचा फाटा, विहीर, अशा खुणा घेऊन त्यांच्या जोड्या चित्रावर शोधायच्या आणि सॉफ्टवेअरला सांगायचे की हा बिंदू तो. चार-सहा जोड्या लावल्या की सगळा नकाशा किंचित फिरतो, थोडा ताणला जातो आणि चित्रावर येऊन टेकतो. मग शेजारच्या गावचा नकाशा तसाच आणून ठेवावा, तर दोहोंच्या शिवा क्वचितच मिळतात. कोठे मध्ये पट्टी उरते, जी कोणत्याच गावची नाही; कोठे एक गाव दुसऱ्यावर चढते. पडद्यावर ती काही मीटरांची चूक असते. बांधावर तीच फौजदारीचे कारण होऊ शकते. म्हणून अशा नकाशावरून हद्द ठरवू नये, असा जो आग्रह भूमी अभिलेख खात्यातील अनुभवी माणसे धरतात, तो आम्हांला सर्वस्वी योग्य वाटतो. पाऊस, पीक आणि पाणी यांचा विचार करण्यास मात्र तो नकाशा पुरतो.

आता पावसाकडे येऊ. परतूर तालुका महसूल मंडळांत विभागलेला आहे. आष्टी, वाटूर, सातोना ही मोठी गावे या विभागणीत ठळकपणे येतात. ‘महावेध’ प्रकल्पान्वये राज्यभरात २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळामंडळांत उभारली गेली, आणि आज चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्याची नोंद ज्या मंडळाच्या केंद्रावर होते, त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे मानून पंचनाम्यांचे चक्र फिरू लागते. म्हणजे एका कुंपणातील एका यंत्राने मोजलेला पाऊस कित्येक गावांच्या शिवारांवर पडला असे धरले जाते. मराठवाड्यातील पाऊस, विशेषतः परतीचा, असा सारखा पसरून पडत नाही, हे येथे जन्मलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सातोन्याच्या वाटेवर माणूस चिंब व्हावा आणि परतुराच्या स्थानकावर उतरल्यावर धूळ उडताना दिसावी, असे दिवस दर पावसाळ्यात येतात.

मग केंद्र नसलेल्या जागी किती पाऊस झाला हे कसे ठरवावे? सॉफ्टवेअरमध्ये यासाठी अंतराच्या व्यस्त प्रमाणात भार देण्याची एक साधी रीत आहे. समजा, एका शेतापासून चार किलोमीटरवरील केंद्राने ७० मिलिमीटर पाऊस नोंदला आणि आठ किलोमीटरवरील दुसऱ्याने ४०. जवळच्याला अधिक भार द्यायचा, हे तत्त्व मान्य. पण किती अधिक? भार अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरला, तर दोन केंद्रांचे भार चारास एक पडतात आणि शेतावरचा पाऊस ६४ मिलिमीटर निघतो. वर्गाऐवजी घन धरला, तर भार आठास एक होतात आणि उत्तर ६६ च्या पुढे जाते. नुसते अंतर धरले, तर ६०. पासष्टाच्या रेषेच्या एका बाजूस नुकसानीचा दावा आहे, दुसऱ्या बाजूस काही नाही, आणि त्या शेतकऱ्याने ज्याचे नावही ऐकलेले नाही असा एक घातांक सॉफ्टवेअरच्या चौकटीत कोणीतरी २ असा तसाच राहू दिला, एवढ्यावर त्याचा प्रश्न निकालात निघू शकतो. प्रचलित पद्धतीत तर हा हिशेबही होत नाही. शेत ज्या मंडळात, त्या मंडळाच्या केंद्राचा आकडा त्याचा. म्हणजे ७० तरी किंवा ४० तरी. मंडळाची शीव शेताच्या कोणत्या बांधावरून गेली आहे, यावर ते अवलंबून.

या अडचणीला शास्त्रात नाव आहे आणि ती जुनी आहे. १९७९ साली स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर या दोन ब्रिटिश भूगोलज्ञांनी अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ९९ काउंटी घेतल्या. एका पक्षाला पडलेली मते आणि वृद्धांचे प्रमाण यांचा परस्परसंबंध काढताना त्या काउंटी निरनिराळ्या रीतींनी मोठ्या गटांत एकत्र केल्या, तेव्हा तोच संबंध जवळजवळ पूर्ण ऋण ते जवळजवळ पूर्ण धन असा हवा तसा मिळवता आला. आकडे एकच, माणसे तीच. गट पाडण्याची रीत तेवढी वेगळी. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या तालुक्यांच्या आणि मंडळांच्या यादीत जे घडले, ते याच जातीचे.

आकृतिबंध खरा की भासमान, हे तपासण्याची साधनेही आहेत. पॅट्रिक मोरन या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली मांडलेला निर्देशांक असा प्रश्न विचारतो की, ज्या गावी विहिरींची पातळी खोल, त्याच्या शेजारच्या गावांचीही ती खोल आहे काय? शेजाऱ्यांत साम्य असेल तर उत्तर धन एकाकडे झुकते. साम्य नसेल तर शून्याच्या आसपास राहते. आणि गाव व शेजार सतत उलट असतील तर ऋणाकडे जाते. लुक अ‍ॅन्सेलिन यांनी १९९५ साली हाच प्रश्न एकेका गावापुरता विचारण्याची सोय केली, त्यामुळे सबंध तालुक्याचा एक आकडा देण्याऐवजी संकटाचे पुंजके कोठे आहेत ते नकाशावर उमटते. पण येथेही ‘शेजारी’ कोण, हे आधी सांगावे लागते. शीव लागून असलेले ते शेजारी? पाच किलोमीटरच्या आतले? की ज्यांचे ओढे एकाच नाल्याला मिळतात ते? पाण्याच्या प्रश्नात शेवटचे उत्तर बरोबर, असे आमचे ठाम मत आहे, आणि दुर्दैवाने सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत सहज मिळणारे उत्तर पहिले असते.

परतूरची भूमी पाहिली की हे मत का धरावे ते कळते. दुधना नदी बदनापूर आणि जालना यांच्या बाजूने येऊन, कुंडलिकेसह इतर प्रवाह पोटात घेत, परतुरावरून पुढे सेलूकडे जाते आणि परभणी जिल्ह्यात पूर्णेला मिळते. सेलू तालुक्यातील ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना प्रकल्पाचे धरण आहे व त्याचे पाणी मागे परतूर तालुक्यात पसरलेले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाण्याचा विचार तालुक्याप्रमाणे करीत नाही. तिने सारे राज्य दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत वाटून घेतले आहे आणि ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजली जाते. या पाणलोटांच्या सीमा उंचवट्यांवरून, माळांवरून जातात. तालुक्याच्या सीमा पुष्कळदा नाल्याच्या काठाने जातात. दोन्ही थर एकावर एक ठेवले, की एकाच नाल्याचे दोन काठ दोन तहशिलींत आणि एकाच तहशिलीतले दोन शेजारी दोन निरनिराळ्या खोऱ्यांत दिसतात. त्यातही हा बेसॉल्टचा मुलूख: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला आणि मग अभेद्य कातळ. साठवण जी होते ती मुरमात आणि भेगांत. म्हणून शंभर पावलांवर एक विहीर मार्गशीर्षात तळ गाठते आणि दुसरी चैत्रापर्यंत मोट भरते. येथे दोन विहिरींमधील सरळ अंतर मोजून मधल्या जागेची पातळी ठरवणे धाडसाचे आहे.

या दृष्टीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला सर्वत्र ‘पोकरा’ म्हणून ओळखतात, झालेले काम आम्हांला विशेष मोलाचे वाटते. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ पासून राबवला गेलेला हा प्रकल्प मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांसह पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांसाठी होता. त्यात पाण्याचा ताळेबंद काढण्याचे साधन मुंबईच्या आयआयटीत प्रा. मिलिंद सोहोनी यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले, आणि ते बसवले क्यूजीआयएस या सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याचा आरंभ गॅरी शर्मन याने २००२ साली केला होता. हे साधन रोजचा पाऊस घेते. मातीचा पोत आणि खोली, उतार, जमिनीचा वापर व उभे पीक हे थर पाहते. आणि प्रत्येक ठिकाणी त्या दिवशीच्या पावसापैकी किती वाहून गेला, किती मातीत ओल म्हणून राहिला, किती खाली मुरला आणि पिकाला किती कमी पडला, असा जमाखर्च मांडते. गावाची सरासरी देऊन ते थांबत नाही. गावाच्या आत ओढ्यांप्रमाणे विभाग पाडते. एकाच शिवारात माळावरच्या हलक्या जमिनीतले सोयाबीन पावसाच्या तीन आठवड्यांच्या खंडात कसे जळते आणि ओढ्याकाठच्या भारी जमिनीतला कापूस त्याच खंडात कसा तग धरतो, हे गावाला आधीपासून ठाऊक असतेच; पण शासकीय कागदावर ते प्रथमच आकड्यांत आले. ज्या गोष्टीला आकडा नाही तिच्यासाठी निधी मिळत नाही, हा प्रशासनाचा व्यवहार ध्यानात घेतला, म्हणजे या कामाचे महत्त्व पटते.

उपग्रहावरून पीक पाहण्याच्या रीतीबद्दलही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाची तूट, मातीतील ओलावा, भूजल आणि उपग्रहाने मोजलेला वनस्पतींचा हिरवेपणा असे अनेक निर्देशांक घालून दिले आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष जाऊन सत्यमापन करावे असे सांगितले. जुन्या आणेवारीच्या, म्हणजे आजच्या पैसेवारीच्या, नजरअंदाजापेक्षा ही रीत निश्चितच पुढची आहे. पण हिरवेपणा म्हणजे उत्पन्न नव्हे. शेंगा भरण्याच्या ऐन दिवसांत पाऊस ओढ घेतो आणि नंतर दोन सरी येतात. झाड पुन्हा हिरवे होते, आकाशातून शिवार भरल्यासारखे दिसते, आणि मळणीला बसल्यावर पोचट दाणे हाती येतात. त्या शेतावर कोणीतरी जाऊन शेंग उलगडून पाहिलीच पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून अक्षांश-रेखांशासह पिकाचे छायाचित्र टिपतो. तशीच नोंद पीक फुलोऱ्यात आणि शेंगांत असताना घेतली गेली, तर उपग्रहाच्या नकाशाला जमिनीवरचा साक्षीदार मिळेल.

आणखी एक गोष्ट अशी की, नकाशा कधीकधी आपण न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देतो. जालना जिल्ह्याचे उपग्रहचित्र मोठे करून पाहिले, की तपकिरी शिवारात निळे आयत चमकतात. ती प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी. जालन्याजवळच्या कडवंचीने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने पाणलोटाची कामे केली व पुढे द्राक्षांनी नाव कमावले. तेथे हे आयत दाटीने दिसतात. शेततळे पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी, ही मूळ कल्पना. परंतु अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, अस्तर घातलेली पुष्कळ तळी विहिरींतून उपसलेल्या पाण्याने भरली जातात, म्हणजे सर्वांच्या भूजलाचा एक वाटा उघड्यावर, एका खातेदाराच्या ताब्यात येऊन बसतो आणि उन्हाळ्यात त्यातला बराच भाग वाफ होऊन उडतो. निळ्या आयतांचा थर आणि भूजल यंत्रणेच्या मे महिन्याच्या पातळीचा थर पाणलोटवार एकत्र ठेवून पाहावे, आयत जेथे दाट तेथे खालच्या अंगाच्या विहिरी अधिक लवकर उतरतात काय ते तपासावे, हे काम करण्यास आज कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. मोसंबीच्या बागा २०१२-१३ च्या दुष्काळात डोळ्यांदेखत वाळताना पाहिलेल्या या जिल्ह्याला ते करण्याचे कारणही पुरेसे आहे.

एका तक्त्यात ‘आष्टी’ आणि दुसऱ्यात ‘अष्टी’ असे लिहिलेले असले, तर सॉफ्टवेअर दोन्ही गावे वेगळी धरते. आणि नाव अचूक असले तरी बीडची आष्टी, वर्ध्याची आष्टी आणि परतूरची आष्टी यांतली कोणती, हे त्याला कळत नाही. म्हणून जनगणनेचा ग्रामसंकेतांक प्रत्येक खात्याने आपल्या प्रत्येक तक्त्यात लिहावा, ही मागणी क्षुल्लक दिसली तरी तिच्यावर पुढचे सारे विश्लेषण उभे आहे. पावसाचा, भूजलाचा, पेऱ्याचा आणि पीकविम्याचा आकडा चार खात्यांच्या चार दप्तरांत चार निरनिराळ्या एककांनी पडून आहे, आणि ते एकत्र आणणारा अंमलदार तालुक्याला नेमलेला नाही. तसा एक प्रशिक्षित माणूस प्रत्येक तहशील कचेरीत असावा, त्याने काढलेला नकाशा चावडीवर लागावा, आणि त्या नकाशाच्या कोपऱ्यात केंद्र कोठे आहे, मधल्या जागेचा पाऊस कोणत्या रीतीने काढला व कोणते एकक धरले, हे मराठीत छापावे. केंद्र सरकारने २०२३ साली पर्जन्यमापके ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याची योजना हाती घेतली आहे. ती परतूर तालुक्यात पूर्णत्वास गेली म्हणजे दोन केंद्रांतील अंतर कमी होईल आणि घातांकाचा जोरही उतरेल. मात्र त्या यंत्रांच्या जागा ठरवताना ग्रामपंचायतींच्या यादीबरोबर दुधनेच्या ओढ्यानाल्यांचा थरही समोर ठेवला पाहिजे, आणि तो थर नागपुरात तयार होऊन बरीच वर्षे झाली आहेत.